अकरा पंजे, आठ बोटं

आमच्या घराण्यात आजवर कुणी कविता केलेली नाही, आणि गावात आम्हाला थोडाफार मान आहे तो बहुधा त्यामुळेच. मूळचे आम्ही बदलापूर गावातले भातशेतीवाले. बाबा नोकरीसाठी अंबरनाथला आले, एका कारखान्यात फोरमन झाले आणि पश्चिमेला दोन खोल्या घेऊन राहिले. मी एका केमिकल कंपनीच्या स्टोअर्समध्ये कारकून होतो. ड्रम मोजायचे, पावती फाडायची, घरी यायचं. अशा माणसाला ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी, ऐन मे महिन्यात, शार्दूलविक्रीडित वृत्तात मंगलाष्टकं रचावी लागली. कारण एकच, बाबांची जीभ.

झालं असं, की माझी धाकटी बहीण सुनंदा हिचा आमच्या घरी साखरपुडा होता. मुलगा विवेक, बदलापूरला मांजर्लीत राहणारा, सरकारी नोकरीतला, सरळ. सुनंदाला स्थळ मनापासून आवडलं होतं. तसं ती बोलली नाही, पण चहाचा ट्रे घेऊन बाहेर येताना तिने आयुष्यात पहिल्यांदा चहा सांडला नाही. सगळं छान चाललं होतं. फक्त बघण्याच्या दिवशी मी ड्युटीवर असल्याने न पाहिलेले विवेकचे वडील त्याच्या मागून आत आले आणि माझ्या हातातली लाडवाची बशी आपोआप खाली गेली. विवेकचे वडील म्हणजे आमचे म्हात्रे सर!

आता म्हात्रे सर कोण, ते सांगायला हवं. सर आम्हाला शाळेत मराठी शिकवायचे. वृत्तं मात्र ते फळ्यावर शिकवत नसत, पाठीवर शिकवत. मुलाला पुढे बोलवायचं, वर्गाकडे तोंड करून उभं करायचं आणि ओळ म्हणायला लावायची. लघु अक्षर आलं की पाठीवर एका बोटाची टिचकी, गुरु आलं की अख्खा पंजा. त्यामुळे आम्हाला वृत्तं कळायची ती आवडीनिवडीसकट. मालिनी मला फार आवडायची, कारण तिच्यात सुरुवातीला सहा लघु येतात आणि तेवढ्यात श्वास घेता येतो. विद्युन्मालेत एकजात गुरु. ज्या दिवशी विद्युन्माला असेल त्या दिवशी आम्ही पोटात दुखतंय म्हणून घरी राहायचो. आणि शार्दूलविक्रीडित! म स ज स त त ग. सुरुवातच तीन पंजांनी. एका ओळीला अकरा पंजे, आठ बोटं, आणि अशा चार ओळी. या शब्दाचा अर्थ वाघाचा खेळ, असं सरांनीच सांगितलं होतं. त्यातला वाघ कोण हे सांगावं लागलं नाही, आणि तो ज्याच्याशी खेळायचा तो कायम मीच असायचो, कारण माझी पाठ रुंद होती.

तर हे सर आमच्या सोफ्यावर बसले, त्यांनी लाडू निम्मा केला आणि विचारलं, "वधूपक्षाची मंगलाष्टकं कोण म्हणणार?"

आमच्याकडे असा प्रश्न कधी कुणी विचारलाच नव्हता. गावाकडे लग्नात धवलारीण येते, ती सकाळपासून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, विषय संपला. पण व्याह्यांसमोर कमी पडतील ते बाबा कसले.

"म्हणणार काय, आमचा अविनाश रचणारच आहे की," बाबा म्हणाले. "कवी आहे तो. कंपनीत बक्षीस मिळालंय त्याला."

बक्षीस मिळालं होतं हे खरं आहे. सुरक्षा सप्ताहात मी एक घोषवाक्य दिलं होतं: 'हातमोजे घाला हाताला, बोटे राहतील भाताला.' त्याबद्दल स्टीलचा डबा मिळाला होता. त्या डब्यात आई रवा ठेवायची. एवढीच माझी साहित्यसेवा.

सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला ओळखायला त्यांना अर्धा क्षण पुरला.

"हा?" सर म्हणाले.

एकच अक्षर. गुरु. माझ्या पाठीला ते बसल्या जागी लागलं.

"रच, भोईर, रच," सर पुढे म्हणाले. "मंगलाष्टक म्हणजे शार्दूलविक्रीडित. वृत्त चुकलेलं मी माझ्या मुलाच्या लग्नात ऐकून घेणार नाही. मधेच थांबवीन."

पाहुणे गेल्यावर मी बाबांना म्हणालो, "बाबा, हे काय केलंत?"

"अरे, चार ओळी तर लिहायच्यात. साखरपुड्याच्या आमंत्रणाचा मजकूर तूच लिहिलास ना?"

"त्यात फक्त तारीख आणि वेळ होती."

"मग आता त्यात भावना घाल," बाबा म्हणाले आणि बनियनवर बाहेर जाऊन बसले.

खरी घाबरली होती ती सुनंदा. तिने मला गॅलरीत बोलावलं. "दादा, तू एक दिवस घाबरशील आणि मोकळा होशील. मला त्या घरात जन्म काढायचाय. विवेक सांगत होता, त्यांच्याकडे जेवताना प्रत्येकाला एक एक ओळ देतात, गण पाडल्याशिवाय दुसरी पोळी नाही. तू भर मांडवात चुकलास तर मी आयुष्यभर तिथे चुकलेल्या वृत्ताची बहीण. मला कोण पोळी वाढेल?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला तिची चेष्टा करावीशी अजिबात वाटली नाही. वर तिने आणखी एक गोष्ट सांगितली. एका पावसाळ्यात मांजर्लीत नदीचं पाणी शिरलं, शेजारपाजारची बिऱ्हाडं सरांच्या वरच्या मजल्यावर येऊन बसली. पाण्यात साप पोहताना दिसला. बायका किंचाळल्या. तर सर म्हणाले, "बरं झालं, भुजंगप्रयात घेऊ." पाणी ओसरेपर्यंत लोकांना भुजंगप्रयात येऊ लागलं होतं. त्यातली दोन बिऱ्हाडं पुढच्या वर्षी पाणी आलं तेव्हा स्वतःच्याच घरात, कॉटवर उभी राहिली म्हणे.

मी कामाला लागलो. शार्दूलविक्रीडितात ओळीला एकोणीस अक्षरं, एवढं डोक्यात पक्कं होतं. म्हणून पहिल्या दिवशी मी बोटांवर मोजून एकोणीस अक्षरं जमवली: 'सुनंदाचे लग्न आज ठरले विवेकबरोबर हो.'

बाबा खूश झाले. "एकदम स्पष्ट आहे. कुणालाही कळेल."

पण म्हणून बघितलं तर ती ओळ पहिल्या पावलालाच ठेचकाळली. तीन पंजे हवेत तिथे पहिलंच 'सु', म्हणजे बोट. मी सुनंदाला म्हटलं, तुझं नाव दीर्घ असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, बारशाला सांगायचं होतंस.

मग मला युक्ती सुचली. मी स्वतःच्या मांडीवर मारायला लागलो. धप धप धप, टिक टिक धप. पंजे आणि बोटं. आणि आश्चर्य म्हणजे मेंदूला जे येत नव्हतं ते मांडीला येऊ लागलं. आई दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या अंथरुणापाशी कासवछाप लावली आणि म्हणाली, "किती रे चावतात तुला."

अशा रीतीने मांडी लाल करून घेऊन मी एक ओळ उभी केली:

'आली आज वधू विवेकसदनी लक्ष्मी सुनंदा गुणी.'

बरोबर बसली! बोट न बोट, पंजा न पंजा. 'सुनंदा' ओळीच्या शेपटाकडे नेली तेव्हा कुठे ती मावली. मी घरात वाचून दाखवली. आई म्हणाली, "ही लक्ष्मी कोण? मुलीची मावशी आहे लक्ष्मी. लोकांना वाटेल तिचं लग्न आहे."

"आई, ते रूपक आहे. सुनंदा म्हणजेच लक्ष्मी, असं म्हणायचं."

"मग 'लक्ष्मीसारखी' म्हण."

"ती उपमा झाली. सारखी म्हटलं की उपमा."

"सोपं ते करायचं सोडून," आई म्हणाली. पुढे मी 'सासरे जणू हिमालय' अशी उत्प्रेक्षा करून पाहिली, तर बाबा म्हणाले, हिमालय म्हणजे गार आणि जागचा हलत नाही, सर अर्थ लावतील. तो हिमालय काढला. चंद्र घेतला होता, आईने त्यातला डाग दाखवला. नदी घेतली, सुनंदाने मांजर्लीतल्या पाण्याची आठवण करून दिली. अलंकार एकेक करून उतरवावे लागले.

तेवढ्यात बातमी बदलापूरला पोचली, आणि बाबांचे थोरले भाऊ पुरुषोत्तमकाका रिक्षातून उतरले. काकांचं म्हणणं एवढंच, की मंगलाष्टकात घरच्या मोठ्यांची नावं येतात, तर त्यांचं कंच्या ओळीत हाय? मी घाईघाईने त्यांच्यासाठी एक ओळ जुळवली आणि म्हणून दाखवली:

'काका हे बदलापुरातुन अहो आले बघा धावुनी.'

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मी धावत आलो? गुडघं बघितलंस माजं? आनि काका म्हंजे कोन काका? तुला चार काका हायेत."

मी पुन्हा मांडी बडवली. 'काका श्री पुरुषोत्तमादिक सखे' अशी सुरुवात केली. हे मला फार सुंदर वाटलं होतं.

"ह्यो आदिक कोन?" काकांनी विचारलं. "आपल्यात आदिक कुनी नाय."

"आदिक म्हणजे वगैरे, काका. पुरुषोत्तम वगैरे."

"म्हंजे मी वगैरे?" काका उठलेच. "त्यापरास धवलारीन आना. ती सकालपासून गाते, कुनाचं नाव इसरत नाय आनि तिला गन कोन इचारत नाय." शेवटी बाबांनी त्यांना अंतरपाट धरायचा मान दिला, तेव्हा ते बसले. हा मान पुढे आमच्या अंगाशी येणार होता, पण त्या वेळी वाटलं, सुटलो.

असे एकूण तीन श्लोक तयार झाले. पाठ केले. रोज सकाळी आंघोळीच्या वेळी म्हणायचो, आणि बाहेर सुनंदा दरवाज्यावर पंजे-बोटं वाजवून ताडून पाहायची. शेजारी विचारायचे, कडी बिघडलीय का?

लग्न उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या एका हॉलमध्ये होतं. हॉलचे मालक लछमनभाई, गळ्यात मफलर (मे महिन्यात!), हातात किल्ल्यांचा जुडगा. संध्याकाळी त्यांच्याकडे दुसरी पार्टी होती, म्हणून ते सकाळपासून घड्याळ बघत फिरत होते. मी त्यांच्यापेक्षा जास्त बघत होतो. माझे तळवे ओले, जीभ कोरडी, हे उलटं असतं तर बरं झालं असतं.

मुहूर्ताची वेळ जवळ आली. सुनंदा आणि विवेक समोरासमोर, मध्ये अंतरपाट, त्याचं एक टोक गुरुजींच्या माणसाकडे, दुसरं काकांकडे. गुरुजींचं त्या दिवसातलं हे तिसरं लग्न होतं आणि त्यांचा आवाज दुसऱ्या लग्नातच बसला होता. त्यांनी कसेबसे दोन श्लोक म्हटले. मग विवेकच्या आत्याने वरपक्षाचे म्हटले, अगदी खणखणीत, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. म्हात्रे सर पुढच्या खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. त्यांचा उजवा हात त्यांच्याच गुडघ्यावर पडत होता. पंजा, पंजा, पंजा, बोट, बोट, पंजा.

"आता वधूपक्ष," गुरुजी घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि माईक माझ्या तोंडाशी आला.

'आली आज वधू विवेकसदनी लक्ष्मी सुनंदा गुणी.' ही ओळ मी म्हटली. नीट म्हटली. मागून कुणीतरी वाहवा केली. आणि तेवढ्यात सरांनी डोळे उघडले.

मी संपलो. पुढची ओळ गेली. तिच्या पुढचीही गेली. तिन्ही श्लोक एकदम डोक्यातून उठून गेले. माईकमधून माझा श्वास सगळ्या हॉलला ऐकू येत होता. अंतरपाटाच्या पलीकडून सुनंदाचा आवाज आला, "दादा, काहीतरी म्हण." आणि मी काहीतरी म्हटलं.

प्रत्येक माणसाला लग्नात जाऊन जाऊन एक श्लोक आपोआप पाठ झालेला असतो. तो शेवटचा, अगदी मुहूर्ताच्या क्षणी गुरुजींनी म्हणायचा. तो म्हटला की लग्न लागलं. माझ्या तोंडून नेमका तो बाहेर पडला, आणि भीतीमुळे इतका मोठ्याने, की असा आवाज माझा मला माहीत नव्हता.

पुढे जे झालं त्यात कुणाचीही चूक नाही. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं. वाजंत्रीवाल्यांनी सनई-चौघडा सुरू केला. पाहुण्यांनी हातातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या अक्षता टाकल्या. काकांनी मोठ्या झोकात अंतरपाट सोडला. आणि विवेकने हार पुढे केला.

मुहूर्ताला अजून सात मिनिटं होती.

"थांबा!" गुरुजी ओरडले, म्हणजे ओरडायचा त्यांनी प्रयत्न केला. त्यांचा आवाज चौघड्यात बुडाला. पण सुनंदाच्या लक्षात आलं. हार गळ्यात पडणार तेवढ्यात ती खाली बसली, आणि हार तिच्या मागे उभ्या असलेल्या मामाच्या गळ्यात गेला. आईने तोंडाला पदर लावला आणि देवाचं नाव घेतलं. काकांनी अंतरपाट पुन्हा वर ओढला, तो या वेळी उलटा. आणि लछमनभाई स्टेजपाशी येऊन म्हणाले, "साईं, हो गयी ना शादी? पंगत बिठा दूँ?"

"अभी नहीं हुई," बाबा म्हणाले.

"बाजा तो बजा!"

"वो गलती से बजा."

पण पाहुण्यांनी पंगत हा शब्द ऐकला होता. निम्मा हॉल उठून जेवणाच्या बाजूला गेला. उरलेल्यांच्या हातात अक्षता नव्हत्या, ते वाकून जमिनीवरच्या गोळा करू लागले. वाजंत्री थांबले. एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत गुरुजी माझ्या कानाशी म्हणाले, "माझा घसा गेलाय. मुहूर्तापर्यंत तुम्हीच म्हणायचंय. काहीही म्हणा, पण थांबू नका. आता थांबलात तर लोकांना वाटेल लग्नच मोडलं."

मला पळून जावंसं वाटलं, आणि मी दाराचा अंदाजही घेतला. पण अंतरपाटाखालून सुनंदाचे पाय दिसत होते. मेंदी लावलेले, आणि जागचे न हललेले. म्हणून मी उभा राहिलो. येत काहीच नव्हतं, पण उभा राहिलो.

आणि म्हात्रे सर उठले.

ते सावकाश पायऱ्या चढून स्टेजवर आले. व्याही आहेत, वरपिता आहेत, आता भर मांडवात थांबवणार. मी डोळे मिटले. सर माझ्यासमोर आले नाहीत. ते माझ्या मागे जाऊन उभे राहिले, शाळेत राहायचे तसे. हळूच म्हणाले, "भोईर, ताठ उभा राहा."

आणि पहिला पंजा पडला.

धप. धप. धप. टिक, टिक, धप.

काय सांगू तुम्हाला, दुसरी ओळ आली! तिच्यामागून तिसरी, चौथी. डोक्यातून नाही, पाठीतून आली. बारा अक्षरं झाली की सरांचा हात क्षणभर थांबायचा, मी श्वास घ्यायचो, पुन्हा धप. माईकवर तो आवाज जात होता. मागच्या रांगेतल्यांना वाटलं, साथीला पखवाज आहे. दुसरा श्लोक झाला. तिसरा झाला. काकांची ओळ 'आदिक'सकट गेली. माझं साहित्य संपलं.

पण गुरुजींनी घड्याळाकडे पाहून बोटाने चालू द्या म्हणून खूण केली. आणि सरांचा हात काही थांबेना. पंजा पडला की अक्षर बाहेर पडायचंच, ती लहानपणची सवय. काय म्हणतोय यावर माझा ताबा राहिला नाही. जेवणाच्या बाजूने वास येत होता, तो सरळ तोंडात उतरला:

'बासुंदी चटणी पुऱ्या नि भरली वांगी नि मठ्ठा हवा,
माझा कंठ सुके तहान भलती पाणी कुणी द्या मला.'

एका मुलीने खरोखर पाणी आणून दिलं. मी घोट घेतला, तो एका लघूत बसला. सरांचा हात चालूच. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि मी शेवटचं म्हटलं:

'पाठीची बघ जाहली कणिक ही कुर्यात् सदा मंगलम्.'

"सावधान!" गुरुजींनी उरलासुरला आवाज लावला. मुहूर्त झाला. चौघडा वाजला, अंतरपाट खाली आला, विवेकने मामाकडून परत मिळवलेला हार या वेळी योग्य गळ्यात घातला. जमिनीवरून वेचलेल्या अक्षता पडल्या, त्यांच्याबरोबर एक खडूचा तुकडा आणि एक बटणही पडलं. सुनंदा हसत होती. रडतही होती. मी माईक ठेवला आणि खांबाला टेकायला गेलो, तर पाठ टेकवेना.

पण संकट संपलं नव्हतं. पहिल्या पंगतीत पुऱ्या आल्या, बासुंदी आली, भरली वांगी आली, आणि एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मठ्ठा कुठाय?"

मठ्ठा नव्हताच. आमच्या बेतात मठ्ठा कधीच नव्हता. पण स्टेजवरून, माईकवर, वधूच्या सख्ख्या भावाने, वृत्तात जाहीर केलेला होता. "मंगलाष्टकात होता," म्हातारे म्हणाले. शेजारच्यांनीही साक्ष दिली. वधूपक्षाने मठ्ठा लपवला, अशी कुजबुज पंगतभर फिरली. बाबा धावत लछमनभाईंकडे गेले. लछमनभाईंनी कपाळावर हात मारला. "साईं, गाने में बोलने से पहले पूछना तो था!" पण माणूस मोठा. त्यांनी कॅम्पातल्या ओळखीच्या डेअरीतून दह्याचे डबे मागवले आणि स्वतः बाह्या वर करून, मफलर तसाच ठेवून, मठ्ठा घुसळून घेतला.

मी कोपऱ्यात पाठ मोकळी ठेवून जेवायला बसलो, तर शेजारचा पाट सरकला. सर येऊन बसले. माझ्या हातातली पुरी हातातच राहिली.

"वृत्तात चूक नाही," सर पानाकडे बघत म्हणाले. "यती बाराव्या अक्षरावर, जागच्या जागी. पाठीची कणिक. अलंकार?"

"रूपक, सर."

"बासुंदी, चटणी, मठ्ठा?"

"जे आहे ते तसंच सांगितलंय, सर. स्वभावोक्ती."

"तू म्हणालास तेव्हा मठ्ठा होता?"

"नव्हता, सर."

"मग?"

"अतिशयोक्ती, सर."

सरांनी मान हलवली आणि पंगतीत वाढत असलेल्या सुनंदाला हाक मारली. "सूनबाई, इकडे ये," सर म्हणाले. "तुझ्या भावाला दुसरी पुरी वाढ. आणि तूही बसून घे. आपल्याकडे पोळीला अट मुलांना असते, सुनांना नाही." सुनंदाने मला पुरी वाढली, एक नाही, चार वाढल्या.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सुनंदाला मुलगी झाली. बारशाला आम्ही मांजर्लीला गेलो. तोवर मी स्टोअर्सचा मुख्य झालो होतो, माझ्या हाताखाली सहा माणसं होती, पोटही सुटलं होतं. सर थकले होते, पण नातीला मांडीवर घेऊन ताठ बसले होते. मला पाहताच म्हणाले, "भोईर, बारसं आहे. पाळणा रच."

आणि मी, सहा माणसांचा साहेब, हातातला चहा खाली ठेवला, मुकाट्याने उठलो आणि सरांकडे पाठ करून उभा राहिलो.

सगळं घर हसायला लागलं. सुनंदा स्वयंपाकघरातून सासऱ्यांना ओरडून म्हणाली, "बाबा, पाळणा आहे तो. पोर झोपलंय. पंजे नकोत, नुसती बोटं!"

सरांनी ऐकलं. अगदी हलक्या हाताने, नुसत्या बोटांनी त्यांनी माझ्या पाठीवर ताल धरला. मी बराच वेळ उभा राहिलो. खरं सांगतो, नुसत्या बोटांनी मला एक अक्षरही सुचलं नाही.